बाद पुस्तक आणि भेट पुस्तक: वाचनालयाच्या विक्रीतला फरक

वाचनालयाने जुन्या पुस्तकांची विक्री लावली की टेबलावर वाचनालयाने काढून टाकलेली 'बाद' पुस्तकं आणि लोकांनी दिलेली 'भेट' पुस्तकं शेजारीच पडलेली असतात. नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं धुंडाळणारे सराईतही त्यांना एकाच मापाने मोजतात. पण कागदोपत्री ती वेगळी आहेत.

बाद पुस्तक ही वाचनालयाची मालमत्ता. त्याला दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीतला क्रमांक असतो, आत शिक्के, पाठीवर ८९१.४६ असा काहीतरी विषयाचा वर्गांक लिहिलेली चिठ्ठी, शेवटी तारखांचा कागद. नागपूरच्या ४५ अंशांत खळ वाळून बांधणी सुटते, पावसाळ्यात कसर लागते. तरी ग्रंथपालाला ते परस्पर रद्दीत घालता येत नाही. आधी यादी, मग कार्यकारिणीचा ठराव, नोंदवहीत 'बाद' असा शेरा आणि त्यानंतर विक्री. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयांची तपासणी होते आणि अ, ब, क, ड वर्ग ठरताना ग्रंथसंख्याही पाहिली जाते. फाटकी पुस्तकं वर्षानुवर्षं कपाटात राहतात ती ग्रंथप्रेमापेक्षा या धास्तीनेच, असं माझं मत.

भेट पुस्तकाचं तसं नाही. शहराच्या महाल भागातला जुना वाडा पाडायला निघाला की चार पोती वाचनालयाच्या दारात येतात. त्यात जुन्या अभ्यासक्रमाची एमपीएससीची गाइडं, आधीच तीन प्रती असलेल्या कादंबऱ्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे. हवं ते ठेवायचं, उरलेलं विकायचं आणि आलेली रक्कम हिशेबात दाखवायची. मात्र एकदा दाखल क्रमांक पडला की भेट पुस्तकालाही तोच ठराव, तोच शेरा.

पैसा कशातून येतो? बाद माल बहुधा किलोवर जातो. भेटीतलं, शिक्का न बसलेलं पुस्तक नगावर विकलं जातं आणि त्याला दोन पैसे जास्त मिळतात. अमेरिकेत 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी' ही स्वयंसेवकांची मंडळं दोन्ही प्रकार विकून वाचनालयाला निधी देतात. आपल्याकडे त्या कामाला हक्काची माणसं नाहीत, म्हणून चांगली भेट पुस्तकंही शेवटी वजनकाट्यावरच चढतात.

विकत घेताना शिक्का दिसला पण 'बाद' दिसलं नाही, तर काउंटरवर विचारा. एखादं चालू पुस्तक चुकून गठ्ठ्यात गेलेलं असतं. आणि देणारे असाल तर 'नको असलेली विकायला हरकत नाही' एवढी ओळ सहीनिशी द्या. आजोबांचं नाव लिहिलेलं पुस्तक टेबलावर वीस रुपयांना दिसलं, की नातवंडं ग्रंथपालाशीच भांडतात.