हलव्याचे दागिने

तीळ किंवा खसखस यांवर साखरेचा पाक चढवून केलेला काटेरी हलवा दोऱ्यात बांधून किंवा पुठ्ठ्यावर बसवून तयार केलेले, मकरसंक्रांतीला घालायचे दागिने. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नवी सून आणि तिचा नवरा, तसेच बोरन्हाणाच्या वेळी लहान मूल यांना ते घालण्याची पद्धत महाराष्ट्रात आणि इतरत्र स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आहे. साखर, तीळ, दोरा, पुठ्ठा आणि सोनेरी कागद एवढ्यावर काम भागते. सामानाचा खर्च किरकोळ, वेळ मात्र मुबलक लागतो. त्यामुळे मावशीने किंवा आत्याने घरी बसून केलेला संच विकतच्या संचापेक्षा अधिक मानाचा समजला जातो.

खरे कसब हलवा करण्यात आहे. तीळ हलके भाजून परातीत घेतात, परात मंद आचेवर ठेवतात आणि साखरेचा एकतारी पाक त्यावर चमचा-चमचा सोडत हाताने तीळ सतत फिरवतात. साखरेत दूध घालून मळी काढली की पाक स्वच्छ होतो आणि हलवा पांढराशुभ्र येतो. प्रत्येक वेळी पाक पूर्ण सुकू द्यायचा, मगच पुढचा चमचा. घाईने जास्त पाक पडला तर तीळ एकमेकांना चिकटून गोळे होतात. आच वाढली तर साखर पिवळी पडते. सुकलेल्या पाकाचे बारीक स्फटिक दाण्यावर जमतात, पुढच्या पाकातली साखर त्याच उंचवट्यांवर बसत जाते आणि हळूहळू काटा दिसू लागतो. बोटे भाजतात, खांदा भरून येतो; म्हणून काम दिवसातून थोडा वेळ, असे काही दिवस चालते. कोरड्या थंडीत काटा चांगला येतो, हा जुन्या बायकांचा अनुभव, आणि तो खरा आहे: हवा दमट असली की साखर पाणी ओढून घेते आणि काटा दबून जातो. जपानमधली कोम्पेइतो ही काटेरी मिठाई जवळजवळ याच रीतीने होते. तिचे मूळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिकडे नेलेल्या साखरेच्या मिठाईत आहे. तिथेही एका घाण्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, हे वाचून आपल्याकडच्या आजीबाईंना बरे वाटेल.

तयार हलवा चाळून आकाराप्रमाणे वेगळा करतात. खसखशीचा बारीक हलवा नथीला आणि कानातल्यांना, तिळाचा हाराला आणि बांगड्यांना; साबुदाणा, लवंग किंवा बदामावर चढवलेला मोठा हलवा पदकासाठी. सुईने भोक पाडायला गेले तर दाणा फुटतो. म्हणून जुन्या पद्धतीत दोऱ्याचा सरकफास करून त्यात दाणा धरतात आणि फास ओढून घेतात. दोरा काट्यांमध्ये रुतून बसतो. एकामागे एक फास टाकत गेले की लड तयार होते. लडी एकत्र पिळल्या की हार, बांगडीवर गुंडाळल्या की पाटली, काळ्या मण्यांबरोबर गुंफल्या की मंगळसूत्र. कमरपट्टा आणि वाकी यांना पुठ्ठ्याचा आधार लागतो, नथीला तारेचा.

सुनेच्या संचात तन्मणी, बाजूबंद, बिंदी, पैंजण असे सगळे येते. जावयाच्या वाट्याला हार, अंगठी, मनगटी घड्याळ आणि हलव्याने मढवलेला नारळ. घड्याळाच्या तबकडीवर काटेही हलव्याचेच लावायची हौस काही जणी करतात. सुनेला काळी चंद्रकला नेसवायची आणि मुलाला काळे झबले घालायचे. एरवी सणाला टाळला जाणारा काळा रंग संक्रांतीला चालतो आणि त्यावर पांढरा हलवा उठून दिसतो. दागिने सासरने करायचे की माहेरने पाठवायचे, हे घरोघरी वेगळे आहे, आणि त्यावरून रुसवेफुगवेही झालेले आहेत.

बोरन्हाणात मुलाला मुकुट, बासरी, हार आणि बाजूबंद घालून कृष्णासारखे सजवतात, औक्षण करतात आणि डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या ओततात. जमलेली पोरे ती वेचतात. हलव्याचा काटा तान्ह्या कातडीला बोचतो, म्हणून मुकुटाला आणि बाजूबंदाला आतून मऊ कापडाचे अस्तर हवेच. मूल दागिना तोंडात घालणार हे गृहीत धरावे. सुटे मणी आणि टिकल्या मुलाच्या संचात लावू नयेत.

इथेच डिंकाचा प्रश्न येतो. फेविकॉलने पुठ्ठ्यावर हलवा चिकटवण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. काम झटपट होते, नक्षी रेखीव येते, आणि पुण्याची तुळशीबाग किंवा दादरची बाजारपेठ यांतले तयार संच बरेचसे असेच असतात. पण तो हलवा खाता येत नाही. दोऱ्यात बांधलेला दागिना समारंभानंतर सोडवून मुलांना वाटता येतो. डिंकाचा संच पुढच्या वर्षीपर्यंत डब्यात राहतो आणि बहुधा मुंग्या किंवा ओल त्याचा निकाल लावतात. भेट म्हणून द्यायचे असेल तर निदान गळ्यातले आणि मुलाचे दागिने दोऱ्याचेच करावेत. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ते व्यवस्थित टिकतात. टपालाने पाठवताना प्रत्येक दागिना वेगळ्या कागदात गुंडाळावा, नाहीतर एकमेकांवर घासून काटा झडतो.

दागिने घालण्याचा आणि हळदीकुंकवाचा काळ संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. संक्रांत सौर गणनेने साधारण १४ जानेवारीला येते, रथसप्तमी मात्र माघ शुद्ध सप्तमीची, म्हणून हा काळ दरवर्षी कमीजास्त होतो: २०२४ मध्ये ती १६ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच. माघ लवकर येणाऱ्या वर्षी हलवा घरी करायचा असेल तर डिसेंबरातच परात चढवलेली बरी.