मायामी डेड कॉलेज

मायामी डेड कॉलेज : अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील मायामी-डेड काउंटीमधील (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) सार्वजनिक कॉलेज. स्थापना १९५९. पहिले वर्ग सप्टेंबर १९६० मध्ये भरले, तेव्हा पटावर १,४२८ विद्यार्थी होते. आज आठ कॅम्पस मिळून वर्षाला एक लाखाहून अधिक विद्यार्थी येथे शिकतात आणि त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या कुटुंबांतले असतात. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या सार्वजनिक कॉलेजांत त्याची गणना होते. या संस्थेची वाढ समजून घ्यायची तर विद्यार्थिसंख्येपेक्षा मायामीचा नकाशा समोर ठेवावा. माणसे जिथे येऊन वसली तिथे कॉलेज गेले, आणि बहुतेक कॅम्पसच्या उभारणीमागे शहराच्या आयुष्यातली एखादी मोठी घडामोड आहे.

मायामी डेड घडले ते कम्युनिटी कॉलेज म्हणून. कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकी उच्च शिक्षणातली वेगळी पायरी आहे. शालान्त शिक्षणानंतरची पहिली दोन वर्षे विद्यार्थी येथे शिकतो, ‘असोसिएट’ पदवी घेतो आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतो किंवा थेट नोकरीला लागतो. सर्वसाधारण प्रवेशासाठी गुणांची चुरस नसते. शाळा पूर्ण केली असली की दार उघडे. फी विद्यापीठाच्या मानाने कमी असते, वसतिगृहे सहसा नसतात आणि वर्ग सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात, त्यामुळे नोकरी किंवा घरसंसार सांभाळून शिकता येते. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांची परीक्षा विद्यापीठ घेते आणि पदवीही तेच देते. कम्युनिटी कॉलेजचे तसे नाही. ते स्वतंत्र असते आणि पदवी स्वतःच्या नावाने देते. इलिनॉय राज्यात १९०१ मध्ये सुरू झालेले जोलिएट ज्युनिअर कॉलेज या प्रकारचे पहिले सार्वजनिक कॉलेज मानले जाते (अशा दोन वर्षांच्या कॉलेजांना तेव्हा ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणत). दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळू लागली. पाठोपाठ १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली. तेव्हापासून ही चळवळ खऱ्या अर्थाने फोफावली.

स्थापनेपूर्वीची स्थिती : १९५० च्या दशकात मायामीची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, पण काउंटीत सरकारी उच्च शिक्षणाची संस्था नव्हती. मायामी विद्यापीठ होते, मात्र ते खाजगी आणि महाग. सरकारी विद्यापीठात शिकायचे तर पाचशे किलोमीटरहून दूर गेन्सव्हिलला किंवा त्याहून लांब टॅलाहासीला जावे लागे. कारकुनाच्या, हॉटेल कामगाराच्या मुलाला ते परवडणारे नव्हते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट तर आणखी अरुंद होती, कारण राज्यातले शिक्षण तेव्हा वर्णभेदाने दुभंगलेले होते. याच सुमारास शिक्षणतज्ज्ञ जेम्स वॉटनबार्गर यांच्या पुढाकाराने फ्लोरिडात एक योजना आकाराला आली. राज्यातल्या जवळपास प्रत्येक नागरिकाला घरून रोज ये-जा करता येईल इतक्या अंतरावर एक दोन वर्षांचे कॉलेज असावे, हे तिचे सूत्र. त्यातूनच पुढे २८ सार्वजनिक कॉलेजांची राज्यव्यापी व्यवस्था उभी राहिली. घरापासून कॉलेजपर्यंतचे अंतर हाच शिक्षणातला मोठा अडसर असतो, ही वॉटनबार्गर यांची जाण मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. मायामी डेडची वाढही तिच्यातूनच झाली.

पहिली वर्षे : सुरुवातीचे नाव ‘डेड काउंटी ज्युनिअर कॉलेज’. स्वतःची इमारत नव्हती, म्हणून वर्ग एका हायस्कूलच्या आवारातल्या तात्पुरत्या बांधकामांत भरले. पहिल्याच तुकडीत सात कृष्णवर्णीय विद्यार्थी होते, आणि त्यामुळे हे फ्लोरिडातील वर्णभेद मोडणारे पहिले ज्युनिअर कॉलेज ठरले. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत त्या वेळी शाळाप्रवेशावरून न्यायालयात आणि रस्त्यावर झगडे चालू होते, हे लक्षात घेतले म्हणजे या सात जणांचे महत्त्व कळते.

त्याच तुकडीत क्यूबाहून नुकतेच आलेले निर्वासितही होते. १९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आल्यानंतर क्यूबातून लोंढे सुरू झाले होते. समुद्र ओलांडला की पहिले मोठे शहर मायामी. १९६० ते १९६२ या काळात ‘ऑपरेशन पेड्रो पॅन’ या मोहिमेतून सुमारे चौदा हजार मुले आईवडिलांविना अमेरिकेत आली. क्यूबात डॉक्टर, वकील, शिक्षक असलेल्या माणसांना येथे इंग्रजीपासून आरंभ करावा लागत होता. जुन्या विद्यापीठांना अशा विद्यार्थ्यांचे काय करावे ते उमगत नव्हते. नव्या कॉलेजपाशी मोडायला जुनी परंपराच नव्हती, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडले.

पहिले अध्यक्ष केनेथ विल्यम्स १९६२ मध्ये फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठ उभारायला गेले. त्यांच्या जागी आलेले पीटर मॅसिको १९८० पर्यंत अध्यक्ष राहिले. काउंटीच्या उत्तर भागात दुसऱ्या महायुद्धातला एक लष्करी विमानतळ वापराविना पडून होता. ती जमीन कॉलेजला मिळाली आणि तेथे आजचा नॉर्थ कॅम्पस उभा राहिला. १९६७ पर्यंत विद्यार्थिसंख्या तेवीस हजारांच्या वर गेली. स्थापनेला दशकही झाले नव्हते, तोच हे फ्लोरिडातील सर्वांत मोठे उच्च शिक्षण केंद्र झाले होते. १९६८ पर्यंत कारभार काउंटीच्या शालेय मंडळाकडे होता. त्यानंतर कॉलेजला स्वतःचे विश्वस्त मंडळ मिळाले. मंडळाचे सदस्य राज्याचे गव्हर्नर नेमतात.

कॅम्पसांचा विस्तार : वाढीची रीत साधारण एकच दिसते. आधी एखाद्या शाळेत, चर्चमध्ये किंवा भाड्याच्या गाळ्यात काही वर्ग सुरू करायचे. विद्यार्थी टिकले, वाढले की त्याला ‘केंद्र’ म्हणायचे. केंद्राला इमारत लाभली, पूर्ण अभ्यासक्रम आले की त्याचा कॅम्पस व्हायचा. आधी इमारत बांधून मग विद्यार्थ्यांची वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग मंद, पण पैसा वाया जाऊ न देणारा.

दक्षिणेतल्या उपनगरांत मध्यमवर्ग वसू लागला तेव्हा १९६५ च्या सुमारास तिकडे तात्पुरते वर्ग निघाले आणि १९६७ मध्ये केंडल कॅम्पस सुरू झाला. १८५ एकरांचे मोकळे आवार, तलाव, झाडी, गाड्या लावायला भरपूर जागा असे त्याचे रूप खास उपनगरी आहे.

डाउनटाउनची गोष्ट याच्या अगदी उलट. उपनगरे वाढत असताना शहराचा मध्यभाग ओस पडत चालला होता, व्यापार बाहेर जात होता. अशा वेळी १९७० मध्ये कॉलेजने तिथल्या दुकानांच्या गाळ्यांत वर्ग भरवले आणि १९७३ मध्ये स्वतःची इमारत उघडली. तिला पुढे मिचेल वुल्फसन यांचे नाव देण्यात आले. फ्लोरिडातील पहिले दूरचित्रवाणी केंद्र सुरू करणारे हे उद्योजक विश्वस्त मंडळाचे पहिले अध्यक्ष होते. वुल्फसन कॅम्पसला कुंपणबंद आवार असे नाहीच. काम सुटलेला कारकून रस्ता ओलांडून संध्याकाळच्या वर्गात जाऊ शकतो. डाउनटाउनमधल्या मेट्रोमूव्हर या उन्नत गाडीच्या दोन थांब्यांच्या नावांत ‘कॉलेज’ हा शब्द आहे, इतके ते शहराचा भाग झाले आहे. १९८४ मध्ये याच कॅम्पसच्या आसपासच्या रस्त्यांवर पुस्तकांचा उत्सव भरला. तोच आजचा मायामी बुक फेअर. इंग्रजीइतक्याच मानाने स्पॅनिश लेखकांना तिथे व्यासपीठ मिळते, आणि हेटीच्या क्रिओल भाषेतल्या पुस्तकांनाही. ओस पडलेला मध्यभाग पुन्हा नांदता करण्यात या कॅम्पसचा वाटा मोठा आहे.

मेडिकल कॅम्पस १९७७ मध्ये जॅक्सन मेमोरियल या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या परिसरात आला. परिचारिका आणि तंत्रज्ञ तयार करायचे तर रुग्णालयाच्या दाराशीच शिकवावे, हा त्यामागचा साधा विचार. लिटल हवाना या क्यूबन वस्तीत १९७० च्या दशकात निघालेल्या केंद्राने इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत शिकवणे सुरू केले. विद्यार्थ्याने हिशेबतपासणी किंवा बालशिक्षण आधी आपल्या भाषेत शिकायला घ्यावे आणि इंग्रजी बरोबरीने वाढवावी, म्हणजे भाषेपायी त्याची वर्षे जात नाहीत. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्यूबन काही महिन्यांत फ्लोरिडात उतरले, हेटीतून होड्या येत होत्या, पुढे निकाराग्वातील युद्धापासून पळालेलेही आले. तेव्हा या पद्धतीचा खरा कस लागला.

१९८० मध्येच हायलिआ या कामगारवस्तीच्या शहरात केंद्र निघाले. दक्षिण टोकाच्या होमस्टेड या शेतीभागातला कॅम्पस १९९० चा. तो नवाकोरा असतानाच २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळाने होमस्टेड जमीनदोस्त केले. सर्वांत नवा वेस्ट कॅम्पस डोरल भागात आहे. तिथली वस्ती मुख्यतः व्हेनेझुएला आणि कोलंबियातून आलेल्यांची.

कॅम्पस आठ असले तरी मान्यता एकाच संस्थेची, पदवी एकच, आणि विद्यार्थी एक विषय केंडलला तर दुसरा वुल्फसनला घेऊ शकतो. अवजड साधनसामग्री लागणारे अभ्यासक्रम मात्र वाटून दिले आहेत : पोलीस व अग्निशमन प्रशिक्षण नॉर्थला, पाककला वुल्फसनला, परिचर्या मेडिकलला.

खुले दार आणि दर्जा : प्रवेश सर्वांना दिला, पण आत आलेल्याचे पुढे काय, हा प्रश्न १९७० च्या दशकाअखेरीस टोचू लागला. शाळा पूर्ण करूनही नीट वाचता न येणारे विद्यार्थी वर्गात बसत आणि एक-दोन सत्रांत गळून जात. मॅसिको यांच्यानंतर अध्यक्ष झालेले रॉबर्ट मॅकेब यांनी यावर आखलेला उपाय देशभर चर्चेचा झाला. प्रवेशानंतर वाचन, लेखन आणि गणिताची चाचणी घ्यायची, कच्च्या विद्यार्थ्यांना आधी पायाभूत वर्गांना बसवायचे, सत्राच्या मध्यावर प्रत्येकाला त्याची प्रगती संगणकाने छापलेल्या पत्रातून कळवायची, आणि तरीही प्रगती नसेल तर काही काळ थांबवायचे. प्रत्यक्षात हजारो विद्यार्थ्यांना थांबवले गेले. दार बंद केल्याची टीका झाली. मॅकेब यांचे म्हणणे होते की नापास होण्याची मुभा म्हणजे संधी नव्हे. ते १९८० ते १९९५ अध्यक्ष होते आणि १९९२ मध्ये त्यांना असाधारण प्रतिभेसाठी दिली जाणारी मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. माझ्या मते मायामी डेडची खरी कमाई या वर्षांतली आहे. नुसती संख्या तर इतरांनीही वाढवली.

हा वाद संपलेला नाही. फ्लोरिडा विधिमंडळाने २०१३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार राज्यातील सरकारी शाळांतून अलीकडे उत्तीर्ण झालेल्यांना ही चाचणी आणि पायाभूत वर्ग ऐच्छिक झाले. पायाभूत वर्गांत अडकून विद्यार्थी कंटाळून जातात, हा कायद्यामागचा युक्तिवाद खोटा नव्हता. पण कच्च्या मुलाची जबाबदारी त्यामुळे पुन्हा एकेका शिक्षकावर येऊन पडली. पदवीचे प्रमाण पाहतानाही जपून पाहावे लागते. रात्रीच्या वर्गांना येणारी, मध्येच वर्षभर खंड घेणारी, दोन वर्षांचा अभ्यास पाच-सहा वर्षांत पुरा करणारी माणसे पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या मोजपट्टीत बसत नाहीत.

विद्यापीठांशी नाते : १९७० च्या दशकारंभी फ्लोरिडाने ठरवले की सार्वजनिक कॉलेजची असोसिएट ऑफ आर्ट्‌स पदवी घेतलेल्याला राज्य विद्यापीठ व्यवस्थेत तिसऱ्या वर्षी जागा मिळेल. विषयांचे क्रमांकही राज्यभर समान करण्यात आले. १९७२ मध्ये मायामीतच फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठ उघडले तेव्हा सुरुवातीची काही वर्षे तिथे तिसऱ्या वर्षापासूनच प्रवेश होता. पहिली दोन वर्षे मायामी डेडमध्ये आणि पुढची तिथे, अशी सरळ विभागणी झाली. एकाच शहरातल्या दोन संस्थांनी एकमेकींचे विद्यार्थी न पळवता वाढावे, ही व्यवस्था इतरत्रही अभ्यासण्याजोगी आहे.

पाद्रोन यांचा काळ आणि नंतर : एदुआर्दो पाद्रोन १९६१ मध्ये पंधराव्या वर्षी ऑपरेशन पेड्रो पॅनमधून आईवडिलांविना मायामीला आले आणि याच कॉलेजात शिकले. पुढे ते तिथेच अध्यापक झाले, आणि १९९५ ते २०१९ अध्यक्ष होते. त्यांच्या काळात निवडक विषयांत चार वर्षांच्या पदव्या सुरू झाल्या आणि २००३ मध्ये ‘मायामी-डेड कम्युनिटी कॉलेज’ या तोवरच्या नावातला ‘कम्युनिटी’ हा शब्द वगळून आजचे नाव घेतले गेले. शिक्षिका आणि परिचारिका होऊ पाहणाऱ्यांना त्याच फीत, त्याच इमारतीत पदवी पुरी करता येऊ लागली. याच काळात ‘फ्रीडम टॉवर’ कॉलेजला मिळाला. १९२५ च्या या मनोऱ्यात एके काळी वर्तमानपत्राचे कार्यालय होते आणि १९६० च्या दशकात क्यूबन निर्वासितांचे मदत केंद्र. ज्या इमारतीत निर्वासितांना कागदपत्रे आणि औषधपाणी मिळाले ती त्यांच्याच मुलांच्या कॉलेजकडे यावी, हे अगदी योग्य झाले. २०११ मध्ये नॉर्थ कॅम्पसच्या पदवीदान समारंभात राष्ट्राध्यक्ष ओबामा बोलले. २०१६ मध्ये त्यांनीच पाद्रोन यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सन्मान दिला. उत्तम कम्युनिटी कॉलेजांना दिले जाणारे ‘अ‍ॅस्पेन पारितोषिक’ २०१९ मध्ये कॉलेजला इंडियन रिव्हर स्टेट कॉलेजसोबत विभागून मिळाले. लिटल हवानातल्या कॅम्पसला आता पाद्रोन यांचे नाव आहे.

२०२१ पासून मॅडलिन पुमारिएगा अध्यक्ष आहेत. त्याही याच कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी आणि या पदावरच्या पहिल्या महिला. त्यांच्या काळात भर आहे तो क्लाउड संगणन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांच्या अभ्यासक्रमांवर. सप्टेंबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने फ्रीडम टॉवरशेजारची कॉलेजची मोक्याची जागा राज्य सरकारकडे सोपवण्याचा ठराव केला. तिथे डोनाल्ड ट्रम्प यांचे अध्यक्षीय ग्रंथालय उभारण्याचा बेत आहे. ठरावाची पुरेशी पूर्वसूचना नागरिकांना दिली नव्हती, असा आक्षेप घेऊन हे प्रकरण न्यायालयात नेण्यात आले.