शेतकऱ्याचं वजन कायले पायजे?

दिवाळी आटोपली की हिंगणघाटच्या आसपास जिनिंगपुढे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यापुढे, कापसाच्या गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर, मेटॅडोर, मधूनच एखादी बैलगाडी. यंदा त्या रांगेत तिसऱ्या वर्षाची चार पोरं वही घेऊन उभी होती आणि मागे त्यांचा मास्तर, म्हणजे मी. विषय ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन’, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिण्याआधी त्यात कोणकोणत्या वस्तू (ऑब्जेक्ट) लागतील आणि कोणी काय काम करायचं, हे ठरवणं.

या विषयाच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी लायब्ररीचं सॉफ्टवेअर येतं, सीनियरच्या फाइलमधून उतरवलेलं. ज्याने वर्षभरात लायब्ररीची पायरी चढलेली नसते, नेमकी त्याचीच आकृती सगळ्यात देखणी. म्हणून यंदा कापूस घेतला. तो यांच्या घरी पिकतो, नक्कल करायची सोय नाही.

पुस्तकातली एक पद्धत अशी : कामाचं वर्णन साध्या भाषेत लिहायचं आणि नामांखाली रेघ मारायची. नामं झाली ऑब्जेक्ट, क्रियापदं झाली त्यांची कामं. राळेगावकडच्या एका मुलीने लिहिलं ‘शेतकरी’, आणि त्याखाली नाव, गाव, गट नंबर, वजन. काटेवाल्याने वाकून पाहिलं.

“शेतकऱ्याचं वजन कायले पायजे माय? आपण तं कापूस मोजतो.”

सगळे हसले, पण चूक हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्याच शेतकऱ्याची दुसरी गाडी संध्याकाळी आली असती, तर सकाळचं वजन पुसून त्यावर नवं बसलं असतं. मग वजन गाडीचं म्हणावं का? तर तोच भाड्याचा ट्रॅक्टर सकाळी एकाचा कापूस आणतो, दुपारी दुसऱ्याचा. पोरं तासभर काट्याजवळ उभी राहिली. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, कापूस ढिगावर खाली होतो, रिकामी गाडी परत काट्यावर येते. दोन वजनांतला फरक तो कापूस. ही दोन्ही वजनं जिच्या नावावर पडतात ती चीज वर्णनात नव्हतीच : खेप. बोलताना सगळे तिला ‘पावती’ म्हणतात, म्हणून ती कागदाचा चिटोरा वाटत राहते. अ‍ॅनालिसिस म्हणजे हेच. अजून संगणक सुरूही केलेला नसतो.

डिझाइन पुढचं. दोन्ही वजनं खेपेने स्वतःपाशी ठेवायची. निव्वळ वजन कोणी विचारलं तर तिनेच वजाबाकी करून सांगायचं. बाहेरून तो आकडा भरायला चौकटच द्यायची नाही. माहिती आणि तिच्यावर चालणारं काम एका घरात ठेवून दार लोटून घ्यायचं, याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. वडिलांच्या पावतीवर खाडाखोड दिसली की घरात काय होतं, हे पाहिलेल्या पोराला त्याची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

गंमत म्हणजे सॉफ्टवेअर असं ऑब्जेक्टमधून मांडायचा विचार वाढला तोही रांगा पाहतच. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड हे दोघे संगणकावर रांगांची नक्कल करता यावी म्हणून सिम्युला नावाची भाषा घडवत होते. त्यांच्या आवडत्या उदाहरणात टोलनाक्यापुढे ट्रक आणि बस थांबलेल्या असत. वाहनं वेगळी, पण रांगेत उभं राहणं दोघांचं सारखंच. मग तेवढा भाग एकदाच लिहून दोघांना का देऊ नये? १९६७च्या सिम्युलामध्ये क्लास, म्हणजे एका जातीच्या ऑब्जेक्टचा साचा, आणि त्याच्या पोटातला सबक्लास आला, त्यामागे ही रांग होती. दोघांना २००१चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला मोठा सन्मान, मिळालं; २००२मध्ये दोघंही गेले.

सबक्लास हाती लागला की पोरं मोकाट सुटतात. आमच्यातल्या एकाने ‘माणूस’ हा क्लास करून त्याच्या पोटात ‘शेतकरी’ आणि ‘व्यापारी’ बसवले. देखणं झाड झालं. पण त्याचा स्वतःचा काका खेडा खरेदी करतो, म्हणजे गावात जाऊन शेतकऱ्यांचा कापूस विकत घेतो, आणि स्वतः दहा एकर कापूसही लावतो. त्याला कुठे ठेवणार? दोनदा लिहायचं? शेतकरी असणं ही जात नव्हे, त्या खेपेपुरती भूमिका आहे. माणूस एकच राहतो, भूमिका बदलते. माझ्या मते अख्ख्या सेमिस्टरमध्ये एवढं एक कळलं तरी फी वसूल. आकृत्यांची चिन्हं, म्हणजे यूएमएल, १९९७मध्ये प्रमाण ठरली. बाणाचं टोक पोकळ की भरीव, हे चार दिवसांत येतं.

कॉलेजात परतल्यावर कार्डांचा खेळ केला. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी तो १९८९मध्ये मांडला : प्रत्येक कार्डावर क्लासचं नाव, डावीकडे त्याची जबाबदारी, उजवीकडे त्याला कोणाची मदत लागते ते. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापल्या. एक पोरगा काटा झाला. त्याला कोणी भाव विचारला की म्हणायचा, “मले फक्त वजन मालूम.” खेप झालेल्या मुलीकडे सगळ्यांचीच गर्दी व्हायला लागली, तेव्हा तिने पैशांचा हिशेब झटकून ‘सौदा’ नावाचं नवं कार्ड मागितलं.

शेवटी ‘गाठ’चं कार्ड उरलं. एक गाठ १७० किलो रुईची, साधारण पाच क्विंटल कापसातून निघणारी. पण कापूस ढिगावर पडला की खेपा एकमेकींत मिसळतात. गाठीने आपण कोणाच्या वावरातून आलो हे लक्षात ठेवायचं का? मुलगी म्हणाली, ठेवायचं. काटा झालेला पोरगा म्हणाला, मग ढीग वेगवेगळे घालावे लागतील, तेवढी जागा जिनिंगमध्ये कुठे आहे?

‘गणेशाय नमः’च्या पाठीवरचं ते कार्ड अजून उजवीकडे कोरं आहे.