रेड वाइनला लाल रंग टाकतात का?

“द्राक्षाचा रस पांढरा असतो, मग वाइन लाल कशी? रंग कालवतात!” हा मेसेज गावोगावी वर्षानुवर्षं फिरतो. आपल्या विदर्भात तो पटकन पटतो, कारण मोहाची दारू पाण्यासारखी स्वच्छ दिसते. पण ती भट्टीवर वाफेतून उतरवतात, रंग खाली भांड्यातच राहतो. वाइन अशी उतरवत नाहीत, नुसती आंबवतात.

रस पांढुरका, हे मात्र खरं. रंग सालीत असतो. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या कॅबरने सोव्हिन्यॉं द्राक्षाचा दाणा बारीक आणि साल जाड, म्हणून त्याची वाइन गर्द आणि तुरट होते, वरून रंगाची गरज पडत नाही. साली रसातून काही तासांतच काढल्या तर त्याच द्राक्षाची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन होते. कित्येक दिवस ठेवल्या तर गडद लाल. बोर्दोत तिचा तुरटपणा मवाळ करायला मर्लो या दुसऱ्या द्राक्षाची वाइन मिसळतात. कॅलिफोर्नियाच्या उन्हात वाढलेल्या कॅबरनेची वाइन जास्त पिकल्या फळासारखी लागते.

घरी तपासता येतं. आठवडी बाजारातून काळी द्राक्षं आणा. एक दाणा सोलून पिळा, रस फिका निघेल. बाकीचे सालीसकट कुस्करून रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि सकाळी गाळा. रसावर गुलाबी झाक दिसेल. नुसती सालही चावून पाहा, जिभेला तुरट लागते. कॅबरनेत हाच तुरटपणा कितीतरी जास्त असतो.