नॉईज चिपचा की जनरेटरचा?

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मिरकरवाड्याला आणि हर्णैला होड्या किनाऱ्याला लागल्या, की खाऱ्या हवेत वर्षभर राबलेले फिशफाइंडर दुरुस्तीसाठी उघडले जातात. हे यंत्र पाण्यात बहुधा ५० किंवा २०० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतं आणि प्रतिध्वनी ऐकतं. तळाचा प्रतिध्वनी दणदणीत असतो, मासळीच्या थव्याचा मात्र फार क्षीण. या प्रतिध्वनीचा विजेतला सिग्नल आकड्यांत उतरवणारी चिप म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, थोडक्यात एडीसी. तिचाच नॉईज, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारी विजेची नकोशी खरखर, जास्त असेल तर थवा त्यात बुडून जातो. म्हणून नवा बोर्ड बनवणाऱ्याने तो मोजायलाच हवा.

मोजायची रीत सरळ आहे. सिग्नल जनरेटर या चाचणीचा सिग्नल तयार करणाऱ्या यंत्रातून स्वच्छ साइन वेव्ह, म्हणजे एकाच वारंवारतेची लहर, द्यायची, एडीसीचे आकडे गोळा करायचे आणि त्यातून साइन वेव्ह व तिच्या पटीतल्या वारंवारता बाजूला काढायच्या. उरतो तो नॉईज. पण तो सगळा एडीसीचा नसतो! जनरेटरचा नॉईजही त्याच तारेतून आत आलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. १६ बिटांच्या एडीसीचं सिग्नल-नॉईज गुणोत्तर (नॉईजच्या मानाने सिग्नल किती मोठा; जितकं जास्त तितकं चांगलं) खरोखर ९० डेसिबल आहे आणि जनरेटरचं ८६. दोन्ही जोडून मोजलं तर हाती येतात साधारण ८४.५ डेसिबल. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल, तेव्हा जवळजवळ एक बिट गेल्यासारखा दिसतो आणि चांगली चिप विनाकारण बाद होते.

बंदरावर क्रेटसकट मासळी तोलून क्रेटचं वजन वजा करतात, तशी थेट वजाबाकी इथे चालत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या नॉईजचे व्होल्टेज नव्हे, तर व्होल्टेजचे वर्ग जुळतात. एकूण नॉईज ५ मायक्रोव्होल्ट आणि जनरेटरचा ३ असेल, तर एडीसीचा २ नाही, ४ भरतो. (५० हर्ट्झची घरघर या हिशेबात धरू नये, तो ठरावीक सूर आहे, त्याचा बंदोबस्त अर्थिंग नीट करूनच होतो.)

मग वर्ग वजा केले की झालं? माझं मत, यावर फार विसंबू नये. वरच्याच उदाहरणात जनरेटरचे ८६ डेसिबल मोजताना अर्ध्या डेसिबलची चूक झाली, तर एडीसीचं उत्तर ८९ ते ९१.६ यांत कुठेही येऊ शकतं. मोठ्या आकड्यातून जवळपास तेवढाच आकडा वजा केला, की छोटी चूक फुगते.

म्हणून आधी स्रोतच शांत करावा. २०० किलोहर्ट्झवर चाचणी असेल तर जनरेटर आणि एडीसी यांच्यामध्ये तेवढाच पट्टा जाऊ देणारा बँडपास फिल्टर लावायचा. स्रोताचा नॉईज एडीसीपेक्षा १० डेसिबलने खाली गेला, तर मापात फक्त ०.४ डेसिबलची चूक राहते. २० डेसिबलने गेला, तर ती विसरली तरी चालते. साइन वेव्हला अगदी चिकटून असलेला नॉईज मात्र फिल्टरमधून सुटतोच.

एडीसीने नमुना कधी घ्यायचा ते ठरवणाऱ्या क्लॉककडेही बघावं. नमुना घेण्याची वेळ १०० पिकोसेकंदांनी डळमळली, तर २०० किलोहर्ट्झवर निव्वळ त्यामुळेच गुणोत्तर ७८ डेसिबलच्या वर जात नाही. तिथे कितीही चांगला फिल्टर लावा, फरक पडत नाही.

मला सगळ्यात आवडते ती जोडीची युक्ती. एकच सिग्नल दोन सारख्या एडीसींना द्यायचा, क्लॉकही एकच, आणि त्यांचे आकडे एकमेकांतून वजा करायचे. जनरेटरचा नॉईज दोघांत सारखाच असल्याने तो कटतो, क्लॉकची डळमळही बहुतांशी जाते, आणि उरतो दोन्ही एडीसींचा मिळून नॉईज. त्याला २ च्या वर्गमुळाने भागलं की एकीचा मिळतो. फक्त वजा करण्याआधी दोन्हींचा गेन (सिग्नल किती पटीने वाढतो ते प्रमाण) जुळवून घ्यायचा: तो ०.१ टक्क्याने जरी वेगळा राहिला, तरी जनरेटरचा नॉईज ६० डेसिबलनेच दबतो.