बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांमधलं डिप्रेशन आणि उपचार

मुंबईत घरोघरी आजही मतिमंद हाच शब्द चालतो, कायद्याच्या कागदावर बौद्धिक दिव्यांगत्व. अशा प्रौढ माणसालाही डिप्रेशन येतं आणि उपचारांनी ते कमीही होतं, पण मुळात ओळखण्यातच घोळ आहे. 'मला वाईट वाटतंय' हे सांगायला शब्द नसतात, मग जेवण तुटतं, झोप उडते, आंघोळ-कपडे स्वतः करणारा ते सोडून देतो, काम शिकायच्या वर्कशॉपला निघायच्या वेळी दारातच बसून राहतो, आणि घरचेच काय डॉक्टरही म्हणतात की तो आहेच तसा. १९८२ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन राइस आणि सहकाऱ्यांनी या चुकीला डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग असं नाव दिलं, म्हणजे बुद्धीच्या मर्यादेच्या सावलीत दुसरा आजार दिसेनासा होणं.

मारणं, स्वतःला चावणं हे डिप्रेशनचंच रूप धरायचं का, यावर मात्र एकमत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने अशा प्रौढांचे मानसिक आजार ओळखण्यासाठी केलेल्या डीसी-एलडी निकषांनी (२००१) चिडचिड उदासीइतकीच ग्राह्य धरली आणि वागण्यातला नवा बिघाडही लक्षणांत घेतला. उलट बाजूचं म्हणणं असं की असं वागणं दातदुखी, बद्धकोष्ठ, कंटाळा कशानेही होतं. हे दुसरं मत जास्त सावध वाटतं: सौम्य अक्षमतेत नेहमीचे निकष बहुधा पुरतात, तीव्र असेल तर तो माणूस आधी कसा होता आणि आता कसा आहे यातला फरक बघावा, नुसत्या मारामारीवरून निदान करू नये. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी आधी, कारण थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मंदावतो.

औषधं नेहमीचीच, बहुतेक एसएसआरआय या डिप्रेशनवरच्या गोळ्यांच्या गटातली, पण डोस अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवतात कारण त्रास होतोय हे पेशंट सांगेलच असं नाही. फिट्स येत असतील तर ट्रायसायक्लिक ही डिप्रेशनची जुनी औषधं शक्यतो टाळतात, कारण त्यांनी फिट्स वाढू शकतात. बौद्धिक अक्षमता असलेल्यांवर झालेले अभ्यास थोडेच आहेत. ब्रिटनमध्ये १६१ जणांवरच्या चाचणीत (२०१७) आवडत्या कामांत पुन्हा गुंतवणं आणि सोप्या पुस्तिकांच्या मदतीने स्वतः शिकणं या औषधांपलीकडच्या दोन उपचारांची तुलना केली, दोन्ही गट सुधारले, फरक दिसला नाही. दोन्हीकडे सोबतीला ओळखीचं माणूस होतं, हे फार महत्त्वाचं.

स्पेशल स्कूल संपलं की दिवस रिकामा होतो. शिवडीच्या जय वकील (स्थापना १९४४) या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संस्थेसारख्या ठिकाणी मोठ्यांसाठी कामाचं ट्रेनिंग असतं. वडील गेल्यावर 'बाबा गावाला गेलेत' असं सांगून ठेवलेला मुलगा महिनोन्महिने दाराकडे बघत बसतो, त्याला खरं सांगणं हाही उपचारच आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार मानत नाही, पण त्याच माणसाला आलेलं डिप्रेशन त्यातून वगळलेलं नाही, त्यामुळे मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांच्या सायकायट्री ओपीडीत दाखवता येतं.