तैलचित्र आणि अ‍ॅक्रिलिक: वाळलं म्हणजे कडक झालं असं नाही

‘अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच की! ओलं फडकं मारलं तरी चालतं.’ हा सल्ला चित्र विकणारे देतात, चौकट करणारे देतात, कधी कधी रंगवणारेही देतात. तो चुकीचा आहे.

तैलचित्राचं म्हातारपण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. रंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, वर्षानुवर्षं कडक होत राहतं, पिवळसर पडतं आणि शेवटी तडकतं. अ‍ॅक्रिलिक फारसं पिवळं पडत नाही, सहसा तडकतही नाही. थेट ऊन आणि पावसाळ्यातली बुरशी दोघांनाही सारखीच वाईट. ओल धरणाऱ्या भिंतीवर यातलं काहीच लावू नका.

घोळ होतो तो वाळण्यावरून. अ‍ॅक्रिलिक वाळतं म्हणजे फक्त त्यातलं पाणी उडून जातं. अ‍ॅक्रिलिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो, बस. तेलात होतो तसा रासायनिक बदल इथे होत नाही. त्यामुळे अर्ध्या तासात हाताला कोरडा लागणारा हा थर पुढे कित्येक वर्षं मऊच राहतो. साधारण १० अंशांच्या खाली तो ताठ होतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात चक्क चिकट. त्या चिकटपणात धूळ नुसती बसत नाही, रुतते.

शिवाय रंग पाण्यात मिसळावा म्हणून त्यात साबणासारखी द्रव्यं घातलेली असतात. ती कालांतराने पृष्ठभागावर येतात आणि करडी, धुरकट साय धरल्यासारखी दिसते. ओलं फडकं फिरवलं की ती निघते, पण त्याच वेळी रंगाचा थर पाणी पिऊन फुगतो, रंगकण फडक्याला लागतात, चकाकी बदलते. काच पुसायचा स्प्रे तर त्याहून घातक, कारण त्यात बऱ्याचदा अल्कोहोल असतं आणि अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिक सुटतं.

व्हार्निशचंही तेच. जुन्या तैलचित्रावरचं पिवळं व्हार्निश तज्ज्ञ द्रावकाने काढू शकतात, कारण खालचं तेल तोवर कडक झालेलं असतं. अ‍ॅक्रिलिकवर तेच द्रावक वापरलं तर व्हार्निशबरोबर चित्रही निघू शकतं. म्हणून ‘लावून टाका एक हात, टिकेल’ हे ऐकलं की अंगावर काटा येतो. चित्रकाराने स्वतः लावलेलं नसेल तर तुम्ही लावू नका.

घरी करायचं ते एवढंच: मऊ, कोरड्या ब्रशने अलगद धूळ झटकायची. डाग, बुरशी, धुरकटपणा दिसला तर चित्रसंवर्धकाला दाखवायचं. प्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा यांची नंतरच्या काळातली कितीतरी चित्रं अ‍ॅक्रिलिकमधली आहेत. तिथे कुणी ओलं फडकं घेऊन जाणार नाही. मग घरातल्या चित्रालाच ही शिक्षा का?

आणि कृपा करून बबल रॅप थेट रंगावर गुंडाळू नका. उन्हात उभ्या टेम्पोमध्ये त्या फुग्यांचे गोल ठसे रंगात उमटतात, ते पुन्हा जात नाहीत. आधी सिलिकॉनचा न चिकटणारा कागद, मग बबल रॅप, तोही फुगे बाहेर ठेवून. दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवायची नाहीत, ती एकमेकांना चिकटतात. थंडीत परदेशी पाठवलेली चित्राची गुंडाळी पोचल्या पोचल्या उलगडू नका. घरातल्या उबेत एक दिवस तशीच राहू द्या, कारण गारठलेला रंग वाकवला की तडकतो.